डोंगराच्या दोन बाजू

(मननासाठी शास्त्रपाठ : अनुवाद ११ : १०–१२, मत्तय ५ : ४५, लूक १० : ३०–३७)



वचनदत्त देशाच्या सीमेवर इस्राएल लोकांस उभे करून मोशेने जे शेवटचे बोध केले, त्यांपैकी एक बोध पावसाविषयी आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्या बोधाचा आशय असा की, जो मिसर देश तुम्ही सोडून आला त्यात शेताला पाणी देण्यासाठी माणसाला स्वतः राबावे लागे. परंतु ज्या देशात तुम्ही जात आहा तो डोंगरांचा व खोऱ्यांचा देश आहे, त्याची तहान आकाशातील पावसाने भागते, आणि म्हणून त्याची काळजी परमेश्वर स्वतः वाहतो. ह्या बोधात डोंगर व पाऊस ह्यांची सांगड घातलेली आहे. आपण सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस राहणारी माणसे आहोत. ह्यास्तव ही सांगड आपणांस इतरांहून अधिक चांगली समजली पाहिजे.

आमचे राहणे विठ्ठलवाडीस आहे. कल्याण सोडून कर्जतकडे जाणारी आगगाडी पहिल्याने थांबते ते हे स्टेशन. येथून वालधुनी नदी वाहते, आणि आकाश निवळले म्हणजे मलंगगड व माथेरानकडील डोंगर दिसतात. येथील उपासनेस बसणाऱ्या मंडळीत दोन प्रकारचे लोक आहेत. काही मुरबाड, शहापूर, कर्जत ह्या तालुक्यांतले, म्हणजे डोंगराच्या अलीकडचे; आणि काही नगर, बीड, जालना ह्या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेले, म्हणजे डोंगराच्या पलीकडचे. ह्या दुसऱ्या बंधूंपैकी कोणी ना कोणी आम्हांस आषाढात हमखास विचारतो, "पाळकसाहेब, इथे पाणी घरात शिरते आणि आमच्या गावी विहिरीचा तळ दिसतो. आमच्या गावावर देवाचा कोप आहे काय?" हा प्रश्न थट्टेचा नाही. ज्याच्या आईला अजून दोन घागरींसाठी मैलभर चालावे लागते, तो हे विचारीत असतो. आणि ह्या प्रश्नाचे खोटे उत्तर देणारेही आपल्यांतच आहेत. पलीकडच्यांच्या पापामुळे त्यांचा पाऊस बंद झाला, असे ते उघड बोलतात. म्हणून ह्या आठवड्याच्या मननास आम्ही हाच विषय घेतला आहे.

प्रथम देवाच्या सृष्टीत काय घडते ते पाहू. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा ह्या मार्गाने नगरास जाणारा रस्ता तुम्हांपैकी अनेकांच्या पायांखालचा आहे. तो दोनशे किलोमीटरांहून थोडासाच अधिक आहे. ह्या एका रस्त्यावर जितके शिकावयास मिळते तितके मोठ्या पुस्तकांतही क्वचित मिळेल. कल्याणच्या भागात वर्षाचा पाऊस सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो. घाटाच्या माथ्याजवळ तो ह्याहून बराच वाढतो. ह्याच सह्याद्रीच्या रांगेत महाबळेश्वरास वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस होतो. परंतु माथा ओलांडून नगरास पोहोचावे, तो तेथे वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरांच्या आतबाहेर! म्हणजे कल्याणच्या चौथा हिस्साही नाही. आणि एस.टी.ने हे अंतर एका दिवसात सहज तुटते.

असे का व्हावे? ज्येष्ठात नैर्ऋत्येकडून येणारा वारा अरबी समुद्रावरून येतो आणि पोटात अपार वाफ घेऊन येतो. ती वाफ डोळ्यांस दिसत नाही. कोकणपट्टी ओलांडली की त्याच्या वाटेत सह्याद्री आडवा उभा असतो. पुढे जाण्यास वाट नाही, तेव्हा वाऱ्यास वर चढावे लागते. आता उंचावर हवेचा दाब कमी असतो. म्हणून वर चढणारी हवा फुगते, आणि फुगणारी हवा थंड होते. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंप हातास गरम लागतो, आणि चाकाची हवा सोडली तर ती बोटास गार लागते, हे तुम्ही अनुभविले आहे. दाबलेली हवा तापते आणि मोकळी झालेली हवा निवते, हा तोच नियम होय. वर चढणारी कोरडी हवा दर हजार मीटरांस सुमारे १० अंश थंड होते. तीत ढग धरू लागले की थंड होण्याचा वेग काहीसा कमी होतो, कारण वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते.

थंड हवेत वाफ फार मावत नाही. गार पाण्याने भरलेल्या तांब्यास बाहेरून थेंब सुटतात, ते तांब्यातून पाझरलेले नसतात. भोवतालच्या हवेतली वाफच तेथे पाणी होते. तसेच डोंगराच्या उतारावर चढलेल्या हवेतील वाफेचे थेंब होतात, थेंबांचे ढग होतात आणि ते ढग तेथेच रिते होतात. माथा ओलांडल्यावर तोच वारा दख्खनच्या पठारावर उतरू लागतो. उतरताना हवा दाबली जाते, दाबली म्हणजे तापते, आणि तापलेल्या हवेत राहिलेले ढगही विरून जातात. ह्या पलीकडच्या प्रदेशास भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. झाडाची सावली जशी उन्हाला अडविते, तशी डोंगराची ही सावली पावसाला अडविते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. डोंगर पाणी उत्पन्न करीत नाही. पाणी समुद्राचे, वारा आकाशाचा. डोंगर केवळ वाऱ्याच्या वाटेत उभा आहे. तो कसा उभा आहे ह्यालाही फार महत्त्व आहे. राजस्थानात अरवलीचे डोंगर आहेत, आणि अबूचे गुरुशिखर तर आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटरांहूनही उंच आहे. परंतु अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेलाच अरवलीची रांग पसरलेली आहे. वारा तिच्या कडेने निघून जातो, आणि पश्चिमेस मारवाड कोरडे राहते. उंची असूनही जो वाऱ्यास आडवा नाही त्याच्यावर पाऊस थोडा, आणि जो आडवा आहे त्याच्यावर पाऊस पुष्कळ.

पावसाप्रमाणे झाडेही बदलतात. मुरबाडच्या बाजूस साग, ऐन, मोह, पळस आणि खाचरांत भात. पाऊस येथे उदंड खरा, पण तो चारच महिने. म्हणून साग उन्हाळ्यात पाने टाकून देतो आणि आपले पाणी राखितो. घाट चढू लागले की कारवी लागते, जी सात वर्षांतून एकदा फुलते. मग हिरडा येतो, आणि जांभूळ, अंजनी अशी सदा हिरवी राहणारी झाडे येतात. त्यांच्या खोडांवर शेवाळ व आमरी वाढते, कारण माथ्यावर धुके रेंगाळते आणि ऊन सौम्य असते. तेथील पाने रुंद व तुळतुळीत असतात, म्हणजे पाणी त्यांवरून निथळून जावे. जुन्नरच्या पश्चिम भागातील महादेव कोळी बांधव हिरडा गोळा करून विकतात, तो ह्याच पावसाचा प्रसाद होय. ओतूरच्या पुढे मात्र भाताची खाचरे दिसेनाशी होतात आणि बाजरी येते. त्यापुढे बाभूळ, हिवर, बोर व कुसळाचे गवत. बाभळीचे पान एवढेसे का? तर त्यातून पाणी उडू नये. तिची मुळे खोल का? तर पाणी तेथेच सापडते. ज्या प्रभूने हिरड्यास रुंद पान दिले त्यानेच बाभळीस बारीक पान दिले, आणि दोघांस आपापल्या जागी जगावयास शिकविले. बाभळीस कोणी शापित वृक्ष म्हणत नाही. मग बाभळीच्या देशात जन्मलेल्या माणसास कोणी शापित का म्हणावे?

आता पवित्र शास्त्रातील देशाकडे पाहू. कारण तोही असाच आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात, पश्चिमेकडील भूमध्य समुद्रावरून येतो. एलीयाच्या सेवकाने कर्मेल डोंगरावरून जो तळहाताएवढा ढग पाहिला तो समुद्रातूनच वर येत होता. तो वारा यहूदाच्या डोंगरांवर चढतो. यरुशलेम ह्या डोंगरांच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच आहे. तेथे वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस अवघ्या २५ किलोमीटरांच्या आसपास यरीहो आहे. ते समुद्रसपाटीच्याही सुमारे अडीचशे मीटर खाली आहे, आणि तेथे पाऊस ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पडतो. ह्या दोन नगरांमधील उतार म्हणजे यहूदाचे रान होय. आपल्या घाटापलीकडे जी पर्जन्यछाया आहे तीच तेथे आहे, आणि अधिक कडक आहे.

आपल्या प्रभूने दयाळू शोमरोन्याचा दाखला दिला तो ह्याच रस्त्यावरचा. एक मनुष्य यरुशलेमेहून यरीहोस उतरत होता. तो पावसाच्या डोंगरावरून पर्जन्यछायेत उतरत होता, असे म्हटले तरी चालेल. तेथे झाडी नाही, वस्ती नाही, हाक मारली तर ऐकणारा नाही. म्हणून तेथे लुटारूंचे फावले. याजक व लेवी मंदिराच्या सेवेतली माणसे होती. त्यांना नियमशास्त्र ठाऊक होते. पण त्या ओसाड वाटेवर पडलेला मनुष्य आपला आहे, हे त्यांस दिसले नाही. प्रभूने विचारले ते इतकेच की, ह्या तिघांपैकी शेजारी कोण ठरला. आज प्रभू आपणांसही तेच विचारीत आहे. डोंगराच्या दोन बाजूंस राहणारी आपण माणसे एकमेकांची शेजारी आहोत की नाही?

ह्यावरून आम्ही चार गोष्टी आपणांपुढे ठेवितो.

पहिली गोष्ट ही की, पावसावरून कोणाच्याही पापपुण्याचा हिशोब मांडू नये. आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात स्पष्ट शिकविले आहे की स्वर्गीय पित्याचा पाऊस चांगल्यावाइटांची निवड करून पडत नाही. एलीयाच्या दिवसांत देवाने दुष्काळ पाठविला हे खरे. परंतु ते सांगण्यास त्याने संदेष्टा पाठविला. आपणांपैकी कोणासही तो अधिकार दिलेला नाही. नगर जिल्ह्यावरील पावसाची छाया ही तेथील कोणत्याही माणसाच्या जन्मापूर्वीची आहे. ज्या काळ्या दगडाचा सह्याद्री घडला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रसाच्या रूपाने भूमीतून बाहेर आला. डोंगर जेथे आहे तेथे तो असणार, आणि त्याची सावली जेथे पडते तेथे पडणार. १९७२ साली महाराष्ट्रात जो मोठा दुष्काळ पडला त्यात खडी फोडणाऱ्या बायाबापड्या पावसाळी मुलखातील लोकांपेक्षा अधिक पापी होत्या, असे म्हणण्याचे धैर्य कोणास होईल? तेव्हा, पलीकडून आलेल्या बंधो, तुझ्या गावावर देवाचा कोप आहे असे मानून मान खाली घालू नकोस. आणि अलीकडच्या बंधो, तुझ्या दारात पाणी पडते म्हणून तू अधिक नीतिमान आहेस असे समजू नकोस. २६ जुलै १९४४ नव्हे, तर अगदी आपल्या आठवणीतल्या २६ जुलै २००५ ह्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि उल्हास व वालधुनी ह्यांचे पाणी कल्याण, उल्हासनगर, बदलापूर ह्या भागांतील घरांत शिरले. अधिक पाणी हा जर पुण्याचा पुरावा असता, तर त्या रात्री छपरांवर बसलेल्यांनी काय म्हणावयाचे होते?

दुसरी गोष्ट. डोंगर पाऊस अडवितो खरा, पण तो आपल्यापाशी ठेवीत नाही. भीमाशंकरास भीमा उगम पावते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुळा, रतनगडाच्या अंगास प्रवरा, त्र्यंबकास गोदावरी, महाबळेश्वरास कृष्णा. ह्या सर्व नद्या माथ्यावर जन्मून पूर्वेकडे, म्हणजे त्या कोरड्या मुलखाकडेच जातात. ढगांच्या वाटेने जे पाणी पलीकडे पोहोचले नाही, ते नदीच्या वाटेने पोहोचते. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, आणि त्याच्या कालव्यांनी नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात मळे उभे राहिले. ते पाणी पर्जन्यछायेत पडलेले नव्हे. ते डोंगरमाथ्याचे आहे. मिसर देशाची गोष्टही हीच. तेथे पाऊस नाहीसा आहे; पण नीलनदीचा पूर हबशी देशाच्या उंच डोंगरांवर पडलेल्या पावसाने येत असे. म्हणजे जो देश डोंगराच्या पावसावाचून जगतो असे दिसत होते, तोही दूरच्या डोंगराचेच पाणी पीत होता.

आणि ह्यात आम्हां विठ्ठलवाडीकरांस विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याकडील डोंगरांत उगम पावून कर्जत, बदलापूरवरून कल्याणास येते. उन्हाळ्यात आपल्या ह्या बाजूच्या इतर लहान नद्या आटतात, तरी ती वाहते. का? घाटमाथ्यावरील आंध्रा नदी ही इंद्रायणीस व पुढे भीमेस मिळणारी, म्हणजे पूर्वेकडे जाणारी नदी. तिचे पाणी धरणात अडवून, विजेसाठी बोगद्यातून व नळांतून पश्चिमेस भिवपुरीच्या वीजगृहावर सोडलेले आहे. हे वीजगृह १९२२ सालापासून चालू आहे. वीज करून सुटलेले ते पाणी उल्हासेस मिळते, आणि उन्हाळ्यात कल्याण व आसपासच्या नगरांची तहान भागविण्यात त्याचा मोठा वाटा आहे. मग विचार करा. जो बंधू पलीकडून येऊन आमच्या चाळीत भाड्याने राहतो, आणि ज्याला आम्ही नळावर रांगेत मागे सारतो, त्याच्या मुलखाकडे वाहणारे पाणी आम्ही उन्हाळाभर पितो. कोण कोणाच्या दारी आश्रित आहे? म्हणून मंडळीतील अलीकडच्या कुटुंबांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, पाण्यावरून तंटा करू नका, आणि 'घाटी' हा शब्द हिणविण्यासाठी तोंडातून काढू नका.

तिसरी गोष्ट, जी खेड्यांतील मंडळ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. डोंगर पाऊस पाडतो, पण पडलेले पाणी धरून ठेवणे हे झाडांचे व माणसाचे काम आहे. झाडे तोडली म्हणून समुद्राचा वारा येण्याचा थांबत नाही. तो येतो, चढतो आणि बरसतो. परंतु उघड्या उतारावर पडलेला थेंब मातीवर आपटतो, तिला उखडतो आणि घेऊन पळतो. झाडाखाली तोच थेंब पानावर, मग पालापाचोळ्यावर पडतो, मुळांच्या वाटेने जमिनीत मुरतो, आणि माघ-फाल्गुनात झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. शहापूर तालुक्याकडे पाहा. मुंबईस पाणी देणारे तानसा तलाव १८९२ सालापासून तेथे आहे. भातसा धरणही तेथेच आहे. एवढा पाऊस, एवढे साठे. आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते. नगराने खेड्याचे पाणी न्यावे आणि खेड्याने तहानेने राहावे हा अन्याय आहे, आणि तो अधिकाऱ्यांपुढे नम्रपणे पण वारंवार मांडणे हे ख्रिस्ती नागरिकांचे कर्तव्य आहे. न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा दाखला प्रभूने दिला तो प्रार्थनेविषयी आहे. पण न्याय मागताना खचू नये हेही तीपासून शिकता येते.

त्याबरोबर आपल्या हातात जे आहे ते आपण करितो काय? पर्जन्यछायेतील हिवरेबाजार हे नगर तालुक्यातील गाव पाहा. तेथे पाऊस चारशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही बेभरवशाचा. १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवार ह्यांच्या पुढारीपणाखाली त्या गावाने श्रमदान केले. डोंगरउतारांवर समपातळी चर खणले, बांध घातले, झाडे लाविली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. ऊस व केळी ह्यांसारखी फार पाणी पिणारी पिके वर्ज्य केली, आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली. गावात किती पाणी आहे ह्याचा हिशोब करून मग पिके ठरविण्याची रीत पाडली. पोट भरण्यासाठी गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. पवार ह्यांस २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आता त्या गावाच्या सहापट पाऊस ज्यांच्या शेतावर पडतो, त्या आपण काय उत्तर द्यावे? धन्याने सेवकांस कमीअधिक रुपये सोपविले त्या दाखल्यात ज्याने आपला रुपया पुरून ठेविला तो दोषी ठरला. आम्ही तर आमचा ठेवा पुरूनही ठेवीत नाही. ओढ्याने वाहून जाऊ देतो. तो जमिनीत पुरला असता तर निदान वैशाखात सापडला असता!

ह्यास्तव उपदेशक बंधूंनी पुढील गोष्टी आपापल्या मंडळीत कराव्या. एक, माघापासून पुढे डोंगरावरील गवतास आग लावण्याची चाल आहे. वणव्याने रोपे व पाला जळून उतार उघडा पडतो, म्हणून ती चाल सोडावी, आणि दुसऱ्यांसही प्रेमाने सांगावे. दोन, पावसाळा सरताच, ओढ्याला धार असताना, पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालावा. ह्यास पैसा फारसा लागत नाही, हात लागतात. उपकारस्तुतीच्या उपासनेचा सप्ताह ह्यास योग्य आहे. तीन, गावात देवराई असेल तर तिच्या राखणीस हातभार लावावा. आपली उपासना निराळी आहे हे खरे. परंतु शेकडो पावसाळे पाहिलेली ती झाडे व त्यांखालचा झरा हे देवाचेच कृत्य आहे, आणि त्यांस कुऱ्हाड लाविल्याने देवाचे गौरव होत नाही. चार, आम्हां नगराजवळच्यांनी नदीत घाण व कारखान्यांचे रंगीत पाणी सोडणे ह्याविरुद्ध बोलावे. वालधुनी अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरांतून स्वच्छ निघते, आणि आमच्या दारी येईतो तिचे काय होते ते नाक धरून चालणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

चौथी गोष्ट सावधपणाची. जो डोंगर पाऊस देतो तो कधी कधी खालीही येतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेंच्या वर माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ह्या ठाकूर बांधवांच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, आणि ५७ जण सापडलेच नाहीत. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा प्रभूने स्पष्ट सांगितले की ती इतरांहून अधिक अपराधी नव्हती. हेच आपण माळीण व इर्शाळवाडी ह्यांविषयी धरावे. परंतु देवाने जी बुद्धी दिली आहे ती वापरावी. अनेक दिवस संततधार लागली असता उतारावर नव्या भेगा दिसू लागल्या, झाडे वा खांब कलू लागले, घरांच्या भिंती तडकल्या, अथवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर प्रार्थना करीत घरात बसू नये. प्रार्थना करीत घराबाहेर पडावे. गुरे सोडावी, म्हाताऱ्यांस व लेकरांस आधी काढावे, आणि तहसीलदारास कळवावे. अशा रात्री मंदिर किंवा शाळा सुरक्षित जागी असेल तर तिचे दार जातधर्म न विचारता सर्वांस उघडे असावे. नोहाने देवावर विश्वास ठेविला आणि म्हणूनच तारू बांधिले. विश्वास आणि तयारी ह्या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या नाहीत.

बंधुभगिनींनो, त्या विचारणाऱ्या बंधूस आता काय उत्तर द्यावे? हे द्यावे : तुझ्या गावावर पडते ती डोंगराची छाया आहे, देवाच्या कोपाची नव्हे. त्या छायेत बाभूळ जगते, बाजरी पिकते, आणि माथ्यावरून नदी तुझ्याकडे निघते. तुझ्या वाट्यास थोडा पाऊस आला. त्यातला प्रत्येक थेंब राखण्याची अक्कल देव देतो, हे हिवरेबाजाराने दाखविले आहे. आणि ज्यांच्या वाट्यास पुष्कळ आला त्यांच्यावर तुझे देणे आहे. ते त्यांनी तुला दयेने नव्हे, तर न्यायाने द्यावयाचे आहे.

सह्याद्री ज्या वाऱ्यास अडवितो त्यातून पाणी घेतो, आणि घेतलेले दोन्ही बाजूंस वाटून देतो. पश्चिमेस उल्हासेच्या रूपाने, पूर्वेस भीमा, गोदा व कृष्णा ह्यांच्या रूपाने. मंडळीही अशीच असावी. देवाची कृपा तिच्यावर पडावी, आणि ती तिच्यापाशी न थांबता अलीकडच्यांस व पलीकडच्यांस पोहोचावी. पुढला नैर्ऋत्येचा वारा येण्यापूर्वी आपल्या गावच्या उतारावर एक तरी चर खणला जावा, एक तरी झाड जगावे, आणि पाण्यावरून तुटलेली एक तरी शेजारओळख पुन्हा जुळावी, अशी बुद्धी व असे सामर्थ्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो. आमेन.